आवाज येऊ दे

चंद्रपुरात मार्च लागला की ऊन आणि अभ्यास दोन्ही एकदमच तापायला लागतात. कूलरच्या ताट्या बदलून देणारी माणसं सायकलवरून हाका मारत गल्लोगल्ली फिरतात, आणि त्यांच्या हाकांवर ताण करून आया आपापल्या पोरांवर ओरडतात. कुणाच्या घरची केबल कापली जाते, कुणाची बॅट माळ्यावर जाते. माझी जोया चौथीत आहे. तिला बॅटही लागत नाही आणि केबलचं वेडही नाही, म्हणून मला ओरडायला काही मिळत नाही. ती आपली खिडकीशी बसून पुस्तकात डोकं घालते. गप्प. इतकी गप्प की मी दर थोड्या वेळानं काहीतरी निमित्त काढून त्या खोलीत डोकावून येते.

पंधरा दिवसांपूर्वी तिच्या शाळेत पालकसभा झाली. विषय होता, मुलांना अभ्यासाची सवय कशी लावावी आणि ध्येय कसं ठरवू द्यावं. बोलायला नागपूरचे एक गृहस्थ आले होते. माणूस चांगला होता, उगाच घाबरवत नव्हता. अभ्यासाची वेळ ठरलेली असावी, जागा ठरलेली असावी, मधे पोराला उठू द्यावं, मोठ्या ध्येयाचे लहान लहान तुकडे करून द्यावेत. सगळं पटण्यासारखं होतं आणि मी इतर आयांबरोबर मान डोलवत होते. मग ते म्हणाले, मुलांना मनातल्या मनात वाचायची सवय लावा, मोठ्यानं वाचलं की वेग कमी होतो. आणि त्या भरल्या हॉलमध्ये, पंख्याखाली, मला मोहाचा वास आला.

ज्यानं मोहफुलांचा वास घेतलेला नाही त्याला तो सांगणं अवघड आहे. गुळाचं पोतं उन्हात उघडं राहिलं तर येईल तसा, गोड आणि जरासा आंबूस. जंगलाकडच्या गावांमध्ये परीक्षा आणि मोह एकाच महिन्यात येतात. दोघांनाही पहाट लागते. आमच्या भागातल्या पोरांची खरी अडचण आळस ही नाही, पहाट एकच आहे आणि तिच्यावर हक्क दोघांचा आहे, ही आहे. हे त्या गृहस्थांना सांगावंसं वाटलं होतं. पण सभेनंतर चहा होता, आणि मी चहा पिऊन घरी आले.

घरी अब्बांना यातलं काही सांगितलं नाही. अब्बा म्हणजे माझे वडील. जन्मभर जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांमध्ये शिकवलं, गावोगाव शेख गुरुजी म्हणून ओळखले गेले, आणि अम्मी गेल्यापासून माझ्याकडे असतात. गल्लीतले लोक अजून त्यांना विचारायला येतात. गुरुजी, पोरगं अभ्यासाला बसत नाही, काय करावं? अब्बा ऐकून घेतात आणि म्हणतात, "चहा घ्या." एवढंच. लोकांना वाटतं म्हातारा विसराळू झाला. विसराळू वगैरे काही नाही. आणखी एक त्यांचं म्हणजे, जोया अभ्यासाला बसली की ते शेजारच्या खोलीत रेडिओ लावतात. मी कितीदा म्हटलं, पोरगी वाचतेय, बंद करा. ते आवाज कमी करतात, बंद करत नाहीत. घरात पोर वाचत असताना शांतता असलेली त्यांना सोसत नाही, आणि का सोसत नाही ते मला माहीत आहे.

मी पाचवीत होते तेव्हा त्यांची बदली नागभीडच्या बाजूला एका गावात झाली. नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. गावाच्या एका अंगाला मोठा तलाव, एका अंगाला धानाच्या बांध्या, आणि त्या संपतात तिथून जंगल. शाळा सातवीपर्यंत. आम्हाला भाड्यानं मिळालेलं घर मासे धरणाऱ्या ढिवर लोकांच्या आळीला लागून होतं. त्या आळीत जाळ्यांचा वास, ओल्या दोऱ्यांचा वास, आणि संध्याकाळी चुलींवरच्या झिंग्यांचा वास. अम्मी पहिले काही दिवस ओढणी नाकाला लावून होती. मग तीच झिंगे निवडायला शेजारणीकडे जाऊन बसू लागली.

अब्बांना शिकवायची एकच रीत येत होती. लहानपणी त्यांची आई, माझी दादी, पहाटे उठवून त्यांच्याकडून सबक, म्हणजे त्या दिवसाचा धडा, म्हणवून घ्यायची. मोठ्यानं, आणि मागेपुढे डोलत. अरबी काय नि पाढे काय, त्यांना सगळं तसंच पाठ झालं होतं. तीच रीत त्यांनी मराठी शाळेत आणली. थोड्याच दिवसांत ढिवरांची, कुणब्यांची, गोंडांची पोरं मराठीचा धडा मदरशात बसल्यासारखी डोलून डोलून वाचू लागली. एकदा तपासणीला साहेब आले. वर्ग डोलताना पाहून म्हणाले, "गुरुजी, ही पोरं हलतात कशाला?" अब्बा म्हणाले, "साहेब, पायली हलवल्याशिवाय धान नीट भरत नाही." साहेबांनी काय लिहिलं कुणास ठाऊक, पण गावानं ते वाक्य उचललं.

दिवेलागणीनंतर अब्बा हातात टॉर्च घेऊन आळीतून फेरी मारत. घराघरातून वाचणं ऐकू येई. कुठे पाढे, कुठे इतिहास, कुठे नुसतंच अ अननसाचा. एखाद्या घरातून काही ऐकू आलं नाही की ते अंगणाबाहेर उभे राहत आणि म्हणत, "आवाज येऊ दे!" हा शब्द आळीत इतका रुळला की आया चुलीपासूनच ओरडायच्या, "आवाज येऊ दे रे, गुरुजी येऊन राह्यले!" एक म्हातारे आजोबा तर गुरुजी दिसले की बिडी विझवून, पुस्तक नसतानाही डोलायचे. गाव हसायचं आणि वाचायचं. अभ्यासाची सवय कशी लागते हे मी तेव्हा पाहिलं आहे. ती घराला नाही लागत, गल्लीला लागते.

आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये एक मातीचा कूड होता. कुडापलीकडे रंजू. माझ्याच वर्गात, माझ्याहून बोटभर उंच, आणि आवाज असा की तलावाच्या त्या काठाला ऐकू जावा. माझा सगळा अभ्यास आधी तिच्या तोंडून माझ्या कानात पडे, मग मी पुस्तक उघडे. त्यातून एक घोटाळा झाला. रंजू पुस्तकातलं 'मला' वाचायचीच नाही, ती 'मले' वाचायची. डोळ्यांना 'मला' दिसे आणि जीभ आपल्या घरचं बोले. चाचणीत मी लिहिलं, 'मले पावसाळा आवडतो.' आमच्या घरात हिंदी, शाळेत पुस्तकी मराठी आणि कुडापलीकडून झाडीची बोली, तेव्हा माझी भाषा म्हणजे खिचडीच होती. अब्बांनी त्या शब्दाला लाल गोल केला आणि हसत म्हणाले, "ये तो रंजू का है."

सातवीच्या वर्षी अब्बांनी वर्गात ध्येय हा शब्द काढला. प्रत्येकानं ध्येय ठरवलं पाहिजे, म्हणाले, आणि काही झालं तरी ध्येय गाठलं पाहिजे. रंजूनं हात वर केला.

"गुरुजी, ते कुठी हाये?"

"काय कुठे आहे?"

"ध्येय. नागभीडच्या पुढे हाये का? तिथी गाडी जाते का?"

आम्हाला गाठायची माहीत असलेली गोष्ट एकच, गाडी. किंवा गाव. नागभीडच्या जंक्शनवरून छोटी रेल्वे तीन बाजूंना जायची, त्यातली एखादी ध्येयला जात असेल तर त्यात नवल काय! वर्ग हसून लोळला. अब्बा हसले नाहीत. त्यांनी तिला समजावलं की ध्येय म्हणजे मोठेपणी तू जे होणार ते. रंजूनं जरा विचार केला आणि म्हणाली, "मंग मी कंडक्टर होईन. मले समद्या गावांची नावं येते, अन् माह्या आवाज मागच्या शिटापर्यंत जाते." पुन्हा हशा. बाई माणूस कंडक्टर झालेली तेव्हा आम्ही कुणी पाहिली नव्हती. अब्बा मात्र म्हणाले, "होशील. पण त्याला दहावी लागते. आधी सातवी पास हो."

हे सोपं नव्हतं. सातवीनंतरची शाळा दुसऱ्या गावाला होती. रंजूचे वडील तलावावर, आई सायत्राबाई मजुरी, मासे आणि जंगल यांत अडकलेली, मागे एक लहान भाऊ. सायत्राबाईनं अट घातली होती, आणि ती सगळ्या आळीला माहीत होती. "पहिला नंबर आला त धाडीन पुढे. नाई त जाळं ओढाले घरी माणूस लागतेच हाये." कडक बोलायची, पण अट घातली म्हणजे दार थोडं उघडं ठेवलं, हे अब्बांना कळलं होतं. त्या वर्षी वर्गात पहिला नंबर कुणाचा येणार, तिचा का माझा, यावर गावात चर्चा होती. मला पहिलं यायचं होतं आणि तिचा पहिला नंबर यावा असंही वाटत होतं. बाराव्या वर्षी माणसाला अशा दोन्ही गोष्टी एकदम मागता येतात.

मग मोह आला.

मोह रात्री पिकतो आणि पहाटेपासून टपटप पडतो. आधी झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन साफ करतात, म्हणजे काळ्या जमिनीवर पिवळट फुलं नीट दिसतात. ज्याची झाडं ठरलेली असतात तो ती वेचतो. वेचायला बाई-पोरं वाकतात आणि टोपली भरेपर्यंत वाकलेलीच राहतात. मी चारदोन वेळा त्यांच्यासोबत गेले होते. अजून नीट उजाडलेलं नसे. पाय दवानं ओले, हाताला फुलांचा चिकटपणा, आणि चारी बाजूंनी माणसांचे आवाज. या झाडाखालून त्या झाडाखाली बायका सतत बोलत असत. कुणाच्या लग्नाचं, कुणाच्या गाईचं, काही नाही तर उगाच नावं घेऊन हाका. मी विचारलं, इतकं काय बोलता? सायत्राबाई म्हणाली, "वाकलेलं माणूस जनावराले माणूस वाटत नाई, बाई. बोललं का त्याले समजते." जनावर म्हणजे वाघ. मोहाच्या दिवसांत त्याचं नाव घ्यायचं नसे.

आणि रंजूला बोलायचं काम अभ्यासानं दिलं होतं. सायत्राबाई एका झाडाखाली, रंजू पुढच्या झाडाखाली. हात फुलं वेचत आणि तोंड पाढे म्हणत. बारा एके बारा, बारा दुणे चोवीस. पाढे संपले की नद्या. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती. वाकल्या वाकल्याही ती डोलायची. मधेच ती आठवायला थांबली, की लगेच मागच्या झाडाखालून सायत्राबाईचा आवाज यायचा, "मंग?" म्हणजे पुढे काय? सायत्राबाईला अक्षर येत नव्हतं. पुढे काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती. तिला फक्त आवाज हवा होता. रंजू म्हणायची, "थांब ना माय, आठवून राह्यली!" त्यातही आवाज आलाच.

असा अभ्यास मी पुन्हा कुठे पाहिला नाही. टोपली भरत होती, धडा पाठ होत होता आणि जीवही राखला जात होता.

त्याच सुमारास अब्बांना प्रशिक्षणाला बोलावणं आलं. ते चंद्रपूरला जाऊन आले आणि येताना एक मोठा तक्ता घेऊन आले, चांगल्या सवयींचा. अब्बांचा छापील गोष्टीवर फार विश्वास. त्यातली एक सवय होती मूकवाचन. वरच्या वर्गातल्या मुलांनी मनात वाचावं, ओठ हलता कामा नयेत, बोट फिरवू नये, अंग हलवू नये. अब्बांना ते लागलं असणार. इतकी वर्षं आपण पोरांना जुन्या पद्धतीनं हाकलं, असं वाटलं असणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी तक्ता भिंतीला लावला आणि सातवीला सांगितलं, "आजपासून आवाज नाही. डोकं वाचेल, तोंड नाही."

तो तास मला अजून दिसतो. सगळा वर्ग ओठ मिटून बसला आहे आणि शेजारच्या वर्गातल्या बाराखडीचा आवाज भिंतीवरून येतो आहे. आमची अंगं सवयीनं डोलायला लागत आणि मधेच लाजून थांबत. रंजूला सगळ्यांत जड गेलं. तिचे ओठ काही केल्या थांबेनात, तेव्हा तिनं खालचा ओठ दातांत धरला. ओठ धरून तिनं एक अख्खं पान वाचलं, आणि अब्बांनी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. अब्बांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास, रंजू! आता असंच वाचायचं. घरी पण." त्या संध्याकाळी कुडापलीकडून आवाज आला नाही. मी कूड वाजवला, तर ती म्हणाली, "वाचून राह्यली ना मी. मनात."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते झालं. परीक्षा तोंडावर आली म्हणून अम्मीनं मला मोहाला जाऊ दिलं नव्हतं. मी अंगणात दात घासत होते आणि अब्बा ओट्यावर दाढी करत होते. जंगलाकडून माणसं ओरडत येताना दिसली. आधी शब्द कळेनात, मग एक शब्द कळला. जनावर. मग दुसरा कळला. अब्बा तसेच उठून धावले. अर्ध्या गालाला साबण, हातात आरसा. आरसा त्यांनी कुठे टाकला ते कुणाला माहीत नाही, तो पुन्हा सापडला नाही.

रंजू नाल्याच्या पलीकडे सापडली. मला बघू दिलं नाही, आणि मी हट्ट केला नाही. दुपारी कुणीतरी तिची टोपली आणून त्यांच्या दाराशी ठेवली. ती अर्धी भरलेली होती. उन्हानं फुलं तापली आणि सगळ्या आळीत तोच वास भरून राहिला. वास कुठे बंद करून ठेवता येत नाही.

बायका म्हणत होत्या, "पोरीचा आवाज आज काऊन नाई आला गा? रोज त केवढी वाचे." त्या सहज म्हणत होत्या, रडता रडता. अब्बा तिथेच उभे होते. त्या रात्री भिंतीपलीकडून मी त्यांना अम्मीशी बोलताना ऐकलं. "मैंने उसका मुँह बंद किया," ते म्हणाले. अम्मी म्हणाली, ऐसा नहीं बोलते.

परीक्षा झाली. पहिला नंबर माझा आला. याहून वाईट नंबर मला आयुष्यात मिळालेला नाही.

त्यानंतर अब्बांनी भिंतीवरचा तक्ता काढला, पण मोठ्यानं वाचा असंही पुन्हा कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळची फेरी बंद झाली. आळीतली पोरं मात्र पूर्वीपेक्षा मोठ्यानं वाचू लागली, भीतीनं. ते सुरू झालं की अब्बा खिडकी लावून घेत. वर्षाच्या आत त्यांनी बदली मागून घेतली. निघताना ते सायत्राबाईला भेटायला गेले, तिच्या दाराशी बराच वेळ उभे राहिले, आणि काही न बोलता परत आले. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती. त्या पहाटे पोरगी मोठ्यानं म्हणत होती, का मनात? हे जगात एकट्या सायत्राबाईला माहीत होतं. ते विचारायची त्यांची छाती झाली नाही. उत्तर 'मनात' असं आलं असतं तर पुढे जगायचं कसं, हा त्यांचा प्रश्न मला तेव्हाही कळत होता.

गेल्या आठवड्यात दुपारची वीज गेली. वीज चंद्रपुरात बनते आणि चंद्रपुरातूनच जाते, याची आता सवय झाली आहे. रेडिओ बंद पडला. घर एकदम गप्प झालं. थोड्या वेळानं अब्बा जोयाच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. जोया वाचत होती. ओठ मिटलेले. आणि वाचता वाचता तिनं, तिचं तिलाही कळलं नसेल, खालचा ओठ दातांत धरला.

"पढ़ रही है, बेटा?"

"हाँ, नाना."

"सुनाई नहीं दिया," अब्बा म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मुझे एक बार सायत्राबाई के पास ले चल."

रविवारी आम्ही तिघं निघालो. जोयाची परीक्षा तोंडावर होती, तरी तिला घेतलं, पुस्तकासकट. बसमध्ये कंडक्टर बाई होती. खाकी ड्रेस, खांद्याला चामडी पिशवी, आणि मूल हे गाव मागं टाकलं तसं पुढचं एकेक गाव मोठ्यानं पुकारत होती. मी तिच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. वेगळंच नाव होतं. वेगळंच असणार, हे मला ठाऊक होतं, तरी वाचली. अब्बांनी तिकिटं घेतली आणि तिला म्हणाले, "आवाज छान आहे तुझा, बेटी." ती हसली. "वरडून वरडून झाला, काका." उरलेल्या रस्त्यात ती जेव्हा जेव्हा गाव पुकारी, तेव्हा अब्बा डोळे मिटून घेत.

गाव तसं ओळखू येत होतं. आमचं भाड्याचं घर पक्कं झालं आहे, मधला मातीचा कूड गेला आणि विटांची भिंत आली आहे. सायत्राबाईचं अंगण मात्र तेच. अंगणभर मोह वाळत घातला होता आणि ती त्यातला कचरा निवडत बसली होती. तिनं मान वर करून पाहिलं.

"गुरुजी? काऊन इतके वाळले तुमी?" मग मला पाहून, "ही आपली बारकी ना? आता मोठी बाई झाली." तिनं मला जवळ ओढलं आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. तिच्या हाताला तोच चिकटपणा होता. मला रडू आलं आणि मी रडले.

काळा चहा झाला. तिचा मुलगा तलावावर गेला होता, सून रोजगार हमीवर. जोयाला आंब्याखाली खाट दिली आणि ती पुस्तक घेऊन बसली. बोलणं संपलं तरी अब्बा उठेनात. वाळलेली फुलं ते बोटांनी इकडची तिकडे करत होते. मग एकदाचं त्यांनी विचारलं.

"बाई, त्या दिवशी रंजू मोठ्यानं म्हणत होती का?"

सायत्राबाईचे हात थांबले. "नाई, गुरुजी," ती म्हणाली.

अब्बांनी मान खाली घातली. इतकी वर्षं ज्याची भीती होती ते आलं होतं. पण ती थांबली नाही.

"मीच म्हटलं तिले, चूप राह्य घडीभर. आदल्या राती लहान्याले ताप होता, डोळ्याले डोळा नाई लागला. माह्यं डोकं फुटून राह्यलं होतं. पोरगी सुरू झाली, बारा एके बारा. म्या म्हटलं, चूप ना गे, माये. चूप बसली बिचारी. अन् मले वाटलं, बरं झालं. म्या 'मंग' म्हटलंच नाई."

अब्बा म्हणाले, "नाही बाई. तुमच्यामुळे नाही. मी सांगितलं होतं शाळेत, ओठ हलवायचे नाहीत. ती मनात म्हणत असणार."

"शाळेतलं शाळेत, गुरुजी. ते इथी जंगलात कोण चालवते? मायचं ऐकलं तिनं."

"माझं ऐकणारी पोरगी होती ती."

"माह्यी होती."

आवाज चढले. दोन म्हातारी माणसं वाळत्या मोहाच्या दोन बाजूंना बसून एका पोरीच्या गप्प राहण्यावरून भांडत होती. घडीभर मला कळेना काय चाललं आहे. मग कळलं. ते वाटून घ्यायला तयार नव्हते. ज्या ओझ्याखाली दोघांचं आयुष्य वाकलं ते ओझं दोघांनाही एकट्यालाच हवं होतं. समोरच्याच्या डोक्यावरून उतरवायचं तर आपल्या डोक्यावर घ्यावं लागतं, दुसरी रीत त्यांना येत नव्हती. आणि सायत्राबाई खरं बोलत होती का गुरुजींसाठी खोटं, हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित रंजू थोड्या वेळानं पुन्हा म्हणायलाही लागली असेल, भरल्या आवाजात, वैनगंगा, वर्धा, आणि जनावर तरीही आलं असेल. आवाजाला जनावर भितंच असंही नाही, असं आता लोक म्हणतात. पण हे त्या दोघांना कुणी सांगू नये. त्यांच्याकडे एवढाच एक धागा आहे, ज्यानं त्या पहाटेला हात लावता येतो.

शेवटी सायत्राबाईनं पदरानं तोंड पुसलं. "तुमी उगाच वाळले, गुरुजी," ती म्हणाली. "येऊन विचाराचं ना मंग तवाच."

"छाती झाली नाही," अब्बा म्हणाले.

"माह्यीबी नाई झाली सांगाची."

मी त्यांच्याकडे पाहत होते, आणि ते दोघं आंब्याखालच्या जोयाकडे पाहत होते. ती वाचत होती. ओठ मिटलेले, मान खाली, खाटेवर वाकून. वाऱ्यानं पानं हलली तेवढाच आवाज झाला.

सायत्राबाई म्हणाली, "पोरी, काय वाचून राह्यली?"

"परिसर अभ्यास," जोया म्हणाली.

"मनात काऊन? आवाज येऊ दे."

जोयानं माझ्याकडे पाहिलं. मी अब्बांकडे पाहिलं. अब्बांनी हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. त्यांचे हात फुलांवर होते. जोया लाजत, पुटपुटत वाचू लागली. मग अंगणात हसणारं कुणी नाही हे पाहून तिचा आवाज मोकळा झाला. नद्यांचाच धडा होता तो. नदी कुठे उगम पावते, कुठे मिळते. तिचं मराठी शाळेतलं, स्वच्छ, त्यात कुठे 'मले' नाही. सायत्राबाई कचरा निवडू लागली. अब्बाही निवडू लागले. आणि मी पाहिलं, अब्बा बसल्या जागी अगदी हळू मागेपुढे डोलत होते.

पान उलटायला जोया थांबली.

"मंग?" दोघंही एकदम म्हणाले.

जोया दचकली, आणि पुढचं वाचू लागली.